पाडस उचलण्याआधी

ज्वारीच्या काढणीच्या दिवसांत एक छायाचित्र हमखास समाजमाध्यमांवर फिरते. कुणाच्या तरी मांडीवर काळविटाचे दोन-चार दिवसांचे पाडस, हातात दुधाची बाटली आणि खाली ओळ : ‘आईपासून ताटातूट झालेल्या पाडसाला जीवदान’. बघणाऱ्याला गहिवरून येते, उचलणाऱ्याला शाबासकी मिळते. त्यातली माया खरी असते. पण बऱ्याचदा ताटातूट झालेलीच नसते. ती उचलण्याच्या त्या क्षणी घडते.

वैद्यकाच्या विद्यार्थ्याला सुरुवातीलाच शिकवले जाते की लक्षण म्हणजे आजार नव्हे. ताप दिसताच अँटिबायोटिक लिहून देणारा डॉक्टर तत्पर वाटतो, पण त्याने रुग्णाचे भले होतेच असे नाही. निदान चुकले की चांगल्या हेतूने दिलेले औषधही अपाय करते. वन्यप्राण्यांना मदत करतानाही हाच नियम लागू आहे. इथे निदान म्हणजे त्या प्राण्याचे वागणे ओळखणे. काळविटाच्या बाबतीत माणसाचे हे निदान वारंवार चुकते.

मुळात ‘हरीण’ हा शब्द मराठीत फार ढोबळ वापरला जातो. चितळ, सांबर, भेकर ही खरी हरणे. त्यांच्या नरांची शिंगे भरीव हाडाची असतात, काही काळाने गळतात आणि पुन्हा उगवतात. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि नीलगाय म्हणजे विदर्भातली रोही, हे मात्र अँटिलोप. नात्याने ते गाय-शेळीच्या कुळातले. त्यांच्या शिंगाला आत हाड आणि वर कठीण आवरण असते आणि ही शिंगे जन्मभर टिकतात. लडाखकडचा चिरू आणि तिबेटी गॅझेल धरल्यास भारतात अँटिलोपच्या सहा जाती आहेत.

या सगळ्यांना एका मापाने मोजता येत नाही. पी. जे. जार्मन या शास्त्रज्ञाने १९७४ मध्ये आफ्रिकेतल्या अँटिलोपांविषयी एक महत्त्वाची मांडणी केली. प्राण्याचा आकार, त्याचे खाणे आणि त्याची समाजरचना या तिन्हींची एकमेकांशी सांगड असते, असे त्यांनी दाखवले. लहान चणीचे, कोवळी पाने आणि फळे निवडून खाणारे अँटिलोप झाडीत एकटे किंवा जोडीने राहतात आणि संकट आले की दबून बसतात. उघड्यावर गवत चरणारे मोठे कळप करतात आणि संकट आले की पळतात. आपल्याकडेही हाच धागा दिसतो. चौशिंगा पानझडी जंगलात बहुधा एकटा किंवा जोडीने वावरतो. चिंकारा कोरड्या प्रदेशात लहान गटांत राहतो आणि चाऱ्यातल्या ओलाव्यावर बराच काळ पाण्यावाचून काढू शकतो. काळवीट मात्र माळरानाचा आणि कळपाचा प्राणी.

उघड्या माळावर लपायला जागा नसते, म्हणून काळविटाची भिस्त डोळ्यांवर आणि पायांवर. कळपात डोळे अनेक असतात. एक जण मान खाली घालून चरतो तेव्हा दुसऱ्याची मान वर असते. लांडग्याची चाहूल लागताच एखादी मादी उंच उडी घेते आणि क्षणात सारा कळप उसळ्या मारत निघतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील कविता ईश्वरन यांनी काळविटांच्या कळपांचा अभ्यास केला आहे. जागा जितकी मोकळी तितका कळप मोठा आणि झाडझाडोरा वाढला की कळप लहान, असे त्यात दिसून आले. म्हणजे मोकळी नजर हीच या प्राण्याची संरक्षणव्यवस्था आहे.

नुकत्याच जन्मलेल्या पाडसाला मात्र या व्यवस्थेचा उपयोग नाही, कारण त्याला कळपाबरोबर पळता येत नाही. म्हणून पहिले काही दिवस आई त्याला गवतात किंवा पिकात दडवते आणि स्वतः लांब चरत राहते. ती जवळ थांबली तर शिकाऱ्याला पाडसाचा माग लागेल. दिवसातून मोजक्या वेळा ती येते, पाजते, पाडसाला चाटून त्याची विष्ठा आणि मूत्र साफ करते, म्हणजे वास राहत नाही, आणि पुन्हा दूर जाते. माणूस जवळ आला तरी पाडस हलत नाही, ओरडत नाही. हे अशक्तपणाचे लक्षण नव्हे. निश्चल पडून राहणे हाच त्या वयातला जगण्याचा उपाय. ‘आई दिसत नाही’ आणि ‘आई नाही’ या दोन वाक्यांत पाडसाच्या जन्माचे अंतर आहे.

उचलून आणलेल्या पाडसाचे पुढे काय होते? गाईच्या दुधाने त्याला जुलाब लागतात. इतक्या लहान जिवात पाणी कमी व्हायला वेळ लागत नाही. जे जगतात, त्यांना माणसाची भीती उरत नाही. हाताने वाढवलेला नर वयात आला की माणसालाच प्रतिस्पर्धी समजून शिंगे रोखतो. त्याला माळावर सोडणे धोक्याचे आणि घरी ठेवणे वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा. राहिलेले आयुष्य मग पिंजऱ्यात. जीवदान म्हणावे असे त्यात फारसे काही उरत नाही.

दुसरे चुकीचे निदान एकट्या नराचे. माळावर काळाभोर नर एकटाच उभा दिसला की ‘कळप चुकलाय’ असे म्हणून त्याला हाकलत नेणारे उत्साही लोक असतात. तो चुकलेला नसतो, आपल्या जागेची राखण करत असतो. प्रौढ नर ठरावीक जागी विष्ठेचे ढीग घालून आणि डोळ्यापुढच्या ग्रंथीचा स्राव काड्यांना लावून हद्द आखतो. तरुण आणि हरलेले नर वेगळी टोळी करून हिंडतात. गुजरातमधील वेळावदरच्या गवताळ रानात तर विणीच्या हंगामात अनेक नर शेजारी शेजारी छोट्या हद्दी धरून उभे राहतात आणि माद्या तिथे येऊन जोडीदार निवडतात. एका अर्थी ते स्वयंवरच. अशी जागा मिळवण्यासाठी नराने झुंजी दिलेल्या असतात. त्याला तिथून हुसकावणे म्हणजे त्याचा विणीचा हंगाम बुडवणे.

तिसरे चुकीचे निदान सर्वात घातक. विहिरीत पडलेल्या, कुंपणात अडकलेल्या किंवा गावात शिरलेल्या काळविटामागे पन्नास-शंभर माणसे धावतात. अखेर तो पकडला जातो. मग गप्प बसतो, डोळे उघडे, अंग सैल. ‘बघा, कसा शांत झाला’ असे म्हणत त्याच्याबरोबर छायाचित्रे काढली जातात. तो शांत झालेला नसतो. अतिश्रम आणि भीती यांनी त्याचे स्नायू विरघळू लागलेले असतात. रक्तात आम्ल साठते, फुटलेल्या स्नायूंतील मायोग्लोबिन मूत्रपिंडात जाऊन बसते, हृदयाची लय बिघडते. याला ‘कॅप्चर मायोपॅथी’ म्हणतात. मृत्यू काही तासांत येतो, कधी काही दिवसांनी, म्हणजे ‘सुखरूप सुटका’ झाल्याची बातमी छापून आल्यावर.

डॉक्टरांना हा प्रकार अनोळखी नाही. १९४१ मध्ये लंडनवरच्या बॉम्बहल्ल्यांत ढिगाऱ्याखालून जिवंत काढलेले काही जण नंतर मूत्रपिंड निकामी होऊन दगावले. एरिक बायवॉटर्स या डॉक्टरांनी त्याचा संबंध चिरडलेल्या स्नायूंशी जोडला. काळविटाला ढिगाराही लागत नाही, पाठलाग पुरतो. म्हणून सुटकेचा पहिला उपचार म्हणजे गर्दी हटवणे. त्यानंतर डोळ्यांवर कापड, सावली, शांतता आणि प्रशिक्षित माणसांची वाट पाहणे. आफ्रिकेतून आलेली आणि मध्य प्रदेशात वापरली गेलेली ‘बोमा’ पद्धत याच समजुतीवर उभी आहे. तिच्यात प्राण्याला हात न लावता नरसाळ्यासारख्या आडोशातून हळूहळू वाहनाकडे नेतात.

चौथे चुकीचे निदान एका प्राण्याचे नाही, साऱ्या माळरानाचे आहे. सरकारी नकाशांत गवताळ माळाची गणना अनेकदा ‘पडीक’ जमिनीत होते. पडीक म्हटले की उपचार ठरलेला : चर खणा, झाडे लावा. हेतू पुन्हा चांगलाच. पण ज्या प्राण्याचे संरक्षण मोकळ्या नजरेवर अवलंबून आहे, त्याच्या माळावर दाट झाडी उभी करणे म्हणजे त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधणे. कर्जत तालुक्यातले रेहेकुरी अभयारण्य १९८० मध्ये खास काळविटांसाठी झाले, ते जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटरचे. त्याबाहेरचा माळ, गायरान आणि शेतशिवार धरूनच काळवीट जगतो. तो माळ झाडीखाली, सौरपटलांखाली किंवा भूखंडांखाली गेला, तर उरतो फक्त फलक.

जागेचे मोल किती असते ते कझाकस्तानने दाखवले. २०१५ च्या मे महिन्यात तिथल्या गवताळ प्रदेशात विण्यासाठी हजारोंच्या संख्येने एकत्र आलेल्या सायगा जातीच्या अँटिलोपांपैकी दोन लाखांहून अधिक जनावरे तीन आठवड्यांत मेली. कारण ठरला ‘पाश्चुरेला’ जिवाणू, ज्याचा एक प्रकार आपल्याकडे गाई-म्हशींना घटसर्प करतो. एरवी तो सायगाच्या शरीरात निरुपद्रवी राहतो. त्या वर्षी हवेतली अवेळी ऊब आणि दमटपणा वाढल्यावर तो उलटला. इतक्या विखुरलेल्या रानटी कळपांना औषध देणे शक्यच नव्हते. पण शिकारीवर आळा होता आणि अफाट मोकळी जमीन शाबूत होती. सायगा सावरला. आज त्याची संख्या दहा लाखांच्या पुढे गेली आहे. सायगाची मादी बहुधा जुळी देते, काळविटाची बहुधा एकच पाडस. त्यामुळे इथे सावरायला वेळ अधिक लागेल आणि जागा तर त्याहून कमी.

आरोग्याच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. माळावर आज लांडग्याइतकीच, कित्येक ठिकाणी त्याहून अधिक भीती मोकाट कुत्र्यांची आहे. नामिबियात कुडू जातीच्या अँटिलोपांत १९७० च्या दशकाच्या अखेरीस रेबीज पसरला आणि हजारो कुडू दगावले. तेव्हा कुत्र्यांनी चावलेल्या काळविटाला उघड्या हातांनी पाणी पाजू नये. लाळ जखमेला लागलीच तर ती जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गावाचा उकिरडा आवरणे आणि कुत्र्यांचे लसीकरण व निर्बीजीकरण करणे यात माणसाचे आरोग्य आणि काळविटाचे रक्षण दोन्ही साधते.

शेतकऱ्याचा राग यात विसरता येणार नाही. उगवलेला हरभरा रात्रीत खुरटलेला पाहणाऱ्याला काळविटाची समाजरचना सांगून पोट भरत नाही. पिकाच्या नुकसानीला भरपाईची तरतूद आहे. ती हेलपाट्यांविना आणि पुढच्या पेरणीआधी हातात पडली पाहिजे. माळ शाबूत ठेवण्याचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याने का सोसावा? तो समाजाचा खर्च आहे. माळावर गवत राहिले तर काळविटाला पिकाकडे वळण्याचे कारणही थोडे कमी होईल.

म्हणून पाडस दिसले तर आधी दूर व्हावे. तेवढा पट्टा कापायचा ठेवावा, कुत्री बांधावीत आणि लांबून पाहावे. चुकून उचलले असेल तर लगेच त्याच जागी ठेवावे. माणसाचा हात लागला म्हणून आई बहुतेकदा टाकत नाही. जुन्नर परिसरात उसात सापडलेली बिबट्याची पिल्ले त्याच जागी ठेवून आईच्या स्वाधीन करण्याची पद्धत रुजली आहे. बिबट्यासाठी जे जमले ते पाडसासाठी अवघड नाही. जखम असेल, किडे पडले असतील, शेजारी आई मेलेली असेल, तर मात्र वेळ न दवडता वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

रुग्णाजवळ काही न करता लक्ष ठेवून थांबणे हाही उपचारच असतो, पण तो शिकायला डॉक्टरांनाही वर्षे लागतात. गावाने तो एका हंगामात शिकायला हरकत नाही.