विश्लेषण : पोपट विकत घेता येतो, त्याचा विश्वास कसा मिळवायचा?

तळेगाव, वडगाव, कामशेत, लोणावळा या पट्ट्यात नव्या सदनिका आणि बंगले वाढले, तसे गॅलरीत आणि ओसरीत टांगलेले पिंजरेही वाढताना दिसतात. पक्षी घरी येतो त्या दिवशी सगळे घर त्याच्याभोवती जमते. आठवडाभरात मात्र तक्रारी सुरू होतात. चावतो, हात घातला की फडफडतो, बोलत नाही. पंधरा दिवसांत पिंजरा कोपऱ्यात जातो. यात दोष पक्ष्याचा क्वचितच असतो. पोपट कुत्र्यासारखा माणसाच्या सहवासात हजारो वर्षे घडलेला प्राणी नाही. पिंजऱ्यात जन्मला तरी त्याचा स्वभाव रानातल्या थव्याचाच राहतो. त्याला माणसाळवायचे तर माणसालाच आधी थोडे पाखराच्या कलाने घ्यावे लागते.

कोणता पोपट पाळता येतो?

सवयीचा प्रश्न येण्याआधी कायद्याचा प्रश्न येतो. लाल चोचीचा, गळ्याभोवती कंठ असलेला आपला नेहमीचा राघू, खांद्यावर लाल डाग असलेला मोठा ‘पहाडी’ पोपट आणि जांभळट डोक्याचा तोयी पोपट हे सारे देशी पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्यांना पकडणे, विकणे, विकत घेणे किंवा पिंजऱ्यात ठेवणे गुन्हा आहे. घरटे किंवा अंडी हलवणेही कायद्याच्या भाषेत शिकारच ठरते. २०२२ मधील दुरुस्तीनंतर अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘आजोबांच्या काळापासून घरात मिठू आहे’ हे कारण कायद्यापुढे टिकत नाही.

बाजारात ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळणारे चिमुकले, पिवळे-हिरवे-निळे पक्षी बहुतेक वेळा बजरीगर, म्हणजे बजी असतात. ते मूळचे ऑस्ट्रेलियातले. तुऱ्याचा कॉकटेलही तिथलाच. पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच पैदास झालेले हे दोन्ही पक्षी पाळता येतात. कोन्यूर, मकाऊ, आफ्रिकन ग्रे अशा परदेशी पोपटांसाठी मात्र २०२४ च्या नियमांनुसार ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पक्षी घेताना पावती आणि कागदपत्रे मागणे ही पहिली पायरी आहे. विक्रेता टाळाटाळ करत असेल तर तिथूनच परत फिरावे.

देशी पिल्लू लगेच अंगावर खेळते, ते का?

‘रानातला पोपट फार लवकर लळा लावतो,’ असे सांगितले जाते आणि ते खोटे नाही. त्यामागचे कारण मात्र कोणी सांगत नाही. देशी पोपटांचा विणीचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. जुन्या झाडांच्या ढोलीतून डोळेही नीट न उघडलेली पिल्ले काढली जातात आणि वाटेत त्यातली अनेक मरतात. जे जगते त्याला भरवणारा हात एकच उरतो, तो माणसाचा. ते त्या हाताला चिकटते, कारण दुसरे कोणी नसते. असे पिल्लू माणसाळलेले नसते, पोरके झालेले असते. अंगाखांद्यावर खेळणाऱ्या मिठूच्या कौतुकात हा फरक विसरता कामा नये. शिवाय ढोली असलेले जुने झाड तोडले किंवा फोडले, तर पुढच्या हंगामात त्या जागी कोणाचेच घरटे होत नाही.

पिल्लू झाडाखाली पडलेले सापडले तर? आधी जवळपास ढोली आहे का ते पाहावे. मांजर-कुत्र्यांना दूर ठेवावे. दूध, पाणी तोंडात ओतू नये, ते श्वासनलिकेत जाऊ शकते. खोक्यात कापड घालून उबेत ठेवावे आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवावे. घरात आधीपासून देशी पोपट असेल तर त्यालाही थेट उडवून देऊ नये. वर्षानुवर्षे पिंजऱ्यात राहिलेल्या पक्ष्याला अन्न शोधता येत नाही, पंखांत बळ नसते आणि पहिल्याच दिवशी तो कावळ्यांच्या तावडीत सापडतो. तोही वन विभागाच्या हवालीच करावा.

नव्या बजीशी मैत्री कशी करावी?

पहिले काही दिवस काहीच न करणे, हेच सगळ्यात मोठे काम. पिंजरा घरातल्या माणसांच्या वावराच्या खोलीत, डोळ्यांच्या उंचीवर, एक बाजू भिंतीला लागेल असा ठेवावा. चारही बाजूंनी उघड्या जागेत पक्ष्याला सतत धोका वाटतो. स्वयंपाकघर टाळावे. नॉनस्टिक भांडे जास्त तापले की निघणारा वायू माणसाला जाणवायच्या आत पक्ष्याचा जीव घेऊ शकतो.

मग रोज ठरलेल्या वेळी पिंजऱ्याजवळ बसावे. पेपर वाचावा, हळू आवाजात बोलावे, त्याच्याकडे टक लावून पाहू नये. शिकारी प्राणी असेच रोखून पाहतात. माणूस जवळ असतानाही पक्षी खाऊ लागला, पिसे साफ करू लागला की पुढचे पाऊल टाकायचे. सळ्यांमधून राळ्याचे कणीस धरायचे. तो पुढे येईल तेव्हा खाईल. काही दिवसांनी तेच कणीस दार उघडून, हात आत ठेवून द्यायचे. हात वरून कधीच न्यायचा नाही, कारण वरून झडप घालतो तो ससाणा. बोट समोरून, पोटाच्या खालच्या बाजूला, पायांच्या किंचित वर टेकवले की पक्षी आपणहून त्यावर चढतो. चढला की लगेच दाणा आणि कौतुक.

एका वेळी पाच-दहा मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढे पुरे. अंगाची पिसे चापून बसवली, मान ताणली, धाप लागली तर पक्षी घाबरलेला आहे, तिथेच थांबावे. पिसे सैल, एका पायावर उभा, चोच हलकेच घासतो आहे म्हणजे निवांत आहे. चावला तर ओरडू नये आणि झटकूही नये. ओरडणे त्याला खेळ वाटतो आणि झटकले की हाताची भीती पुन्हा बसते. कोणी आठ दिवसांत बोटावर बसतो, कोणी तीन महिने घेतो. पकडून, टॉवेलात गुंडाळून ‘सवय लावणे’ म्हणजे सवय नव्हे, नुसता धाक.

पंख कापावेत का?

बरेच विक्रेते पक्षी देतानाच पंख कापून देतात, ‘म्हणजे लवकर माणसाळतो.’ पळून जाता येत नाही म्हणून बसून राहणे आणि बसावेसे वाटते म्हणून बसणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उडता येणारा पक्षी खोलीभर फिरून पुन्हा हातावर येतो, तेव्हाच मैत्री झाली असे म्हणता येते. त्यासाठी खोलीची दारे-खिडक्या लावणे, आरशावर कापड टाकणे आणि पंखा बंद करणे एवढे कष्ट घ्यावे लागतात. तेवढे जमत नसेल तर पक्षी न घेतलेला बरा.

मावळच्या हवेत काय जपावे?

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर घरातले कपडेही वाळत नाहीत. कोरड्या प्रदेशातून आलेल्या बजीला ही ओल मानवत नाही. त्यातही दाणे ओलसर झाले की बुरशी धरते आणि ती पक्ष्याच्या फुप्फुसात जाते. पावसाळ्यात दाणे थोडेच आणावेत, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत, वास आला तर टाकून द्यावेत. पिंजरा ओसरीत, धुक्यात किंवा वाऱ्याच्या झोतात ठेवू नये. बाजरी-राळ्याबरोबर कोथिंबीर, पालक, गाजर, हिरवी मिरचीही चालते. मिरचीचा तिखटपणा पक्ष्यांना जाणवत नाही. चहा, चॉकलेट, ॲव्होकॅडो आणि खारट फरसाण मात्र वर्ज्य. पिसे फुगवून दिवसभर गप्प बसलेला पक्षी ‘शांत’ नसतो, आजारी असतो. पक्षी आजार शेवटपर्यंत लपवतो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यकाकडे न्यावे.

शनिवार-रविवारच्या बंगल्यात पोपट ठेवावा का?

या भागातला खरा प्रश्न हाच आहे. मुंबई-पुण्याहून दोन दिवसांसाठी येणारे कुटुंब मुलांच्या हौसेखातर बंगल्यावर पिंजरा टांगते. उरलेले पाच दिवस दाणापाणी राखणदार करतो. पोपट थव्यात जगणारा जीव. पिंजऱ्यात त्याचा थवा म्हणजे समोरची माणसे. ती पाच दिवस गायब झाली की तो किंचाळतो, स्वतःचीच पिसे उपटतो किंवा गप्प होतो. लळा लागलाच तर तो राखणदाराला लागतो, मग मालकाच्या मुलाला चोच बसते आणि पक्ष्यावर ‘रागीट’ असा शिक्का बसतो. अशा घरांनी एकटा पक्षी घेऊच नये. मुलांना पोपट दाखवायचा असेल तर आवारात उंबर-जांभळाची झाडे राखावीत, राघूंचा थवा आपणहून येतो. तो हातावर बसणार नाही, पण दर हंगामात परत येईल.

बजी नीट सांभाळला तर पाच ते दहा वर्षे जगतो, कॉकटेल पंधरा-वीस. दहावीतल्या मुलाने हट्टाने आणलेला कॉकटेल त्याच्या लग्नापर्यंत घरात असू शकतो. घेण्याआधी घरात एकच प्रश्न विचारावा : रोज अर्धा तास, न चुकता, या पक्ष्याजवळ कोण बसणार? उत्तरादाखल एखाद्याचे नाव पुढे आले तर पक्षी आणावा. सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागले, तर पिंजऱ्याचे पैसे वाचवावेत.