विश्लेषण : गहू लोळू नये म्हणून ‘वाढरोधक’ फवारावे का?

मार्च २०२३ मधील अवकाळी पाऊस आणि वाऱ्याने पंजाब-हरियाणातील काढणीला आलेला गहू आडवा केला. केंद्राला खरेदीचे निकष शिथिल करावे लागले. तेव्हा पिकाची उंची रोखणाऱ्या रसायनांकडे लक्ष जाणे स्वाभाविक आहे. पण बाटली घेण्याआधी काही गोष्टी समजून घ्यायला हव्यात.

पीक लोळते कशामुळे?

ओंबी जड, कांडी लांब व कमजोर आणि जमीन ओली असली की वाऱ्याने ताट कोलमडते. जादा नत्र, दाट पेरणी आणि वारा सुटलेला असताना दिलेले पाणी ही नेहमीची कारणे. लोळलेल्या पिकात दाणा बारीक राहतो, काढणी अवघड होते आणि पाऊस लांबला तर ओंबीतच कोंब फुटतात. बुटक्या मेक्सिकन वाणांनी १९६०च्या दशकात हा प्रश्न बराच सोडवला होता. खताची मात्रा वाढली तसा तो परतला.

रसायने काय करतात?

पेशी लांबवणारे जिबरेलिन हे संप्रेरक तयार होण्यास क्लोरमेक्वाट क्लोराईड अटकाव करते, त्यामुळे कांडी आखूड राहते. ट्रायनेक्सापॅक-इथाइल हेच काम पुढच्या टप्प्यावर करते. इथेफॉनमधून इथिलीन वायू सुटतो. कर्नालच्या भारतीय गहू व जव संशोधन संस्थेने लवकर पेरलेल्या, दीडपट खत दिलेल्या गव्हासाठी ०.२ टक्के क्लोरमेक्वाट आणि ०.१ टक्के टेब्युकोनॅझोल या औषधांच्या एकत्रित दोन फवारण्या सुचवल्या आहेत : पहिले कांडे धरताना आणि ध्वजपान आल्यावर. म्हणजे ही शिफारस सरसकट गव्हासाठी नाही.

परदेशी मिश्रण जसेच्या तसे चालेल?

चालेलच असे नाही. इथेफॉन आम्लधर्मी द्रावणात टिकते, अल्कधर्मी पाण्यात त्याचे विघटन होते. आपल्याकडे फवारणीचे पाणी बहुधा विहीर-बोअरचे, अनेकदा क्षारयुक्त. पीक पाण्याच्या ताणावर असताना किंवा वेळ टळल्यावर फवारले तर उत्पादनच घटू शकते. म्हणून इथले पाणी आणि इथले ऊन गृहीत धरूनच मिश्रण तयार व्हायला हवे.

खरी कसोटी कोणती?

अवशेषांची. २०१० मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत याच क्लोरमेक्वाटचे अवशेष सापडले आणि महाराष्ट्रातील बागायतदारांना जबर फटका बसला. गव्हात हे अवशेष दाण्यापेक्षा काडात जास्त राहतात. फवारलेल्या काडावर वाढवलेल्या धिंगरी अळिंबीतही ते उतरल्याचे युरोपात आढळले आहे. आपल्याकडे तर भुसा थेट गोठ्यात जातो. त्यामुळे दाणा, भुसा आणि दूध या तिन्हींच्या तपासणीचे आकडे जाहीर केल्याशिवाय कोणत्याही नव्या मिश्रणाला परवानगी मिळू नये.

मग शेतकऱ्याने काय करावे?

आधी न लोळणारे वाण, बेताचे नत्र, योग्य अंतर आणि वारा पाहून पाणी. फवारणी त्यानंतर, तीही शिफारस असेल तरच. रब्बी ज्वारी बऱ्याचदा खडखड्या रोगाने लोळते. तिथे उंची रोखून रोग जाणार नाही, कडबा मात्र कमी होईल. ज्याच्या दावणीला जनावरे आहेत, त्याला हा सौदा परवडणारा नाही. औषध विकणाऱ्याने हा हिशेब सांगितला नाही, तर तो कृषी विभागाने सांगायला हवा.