किशोरवयातील उरःशूल : आश्वासन आणि सावधानता

दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की छातीत दुखते म्हणून मुलांना घेऊन येणारे पालक वाढतात. हृदयविकार तर नाही ना, ही एकच शंका त्यांच्या मनात असते. अशा वेळी अर्जुनारिष्टाची बाटली हाती देणे सोपे असले तरी उचित नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याने निदान होत नाही; पालकांची भीती मात्र पक्की होते.

या वयातील उरःशूल बहुतांशी हृदयाचा नसतो. बरगडी व तरुणास्थी यांच्या सांध्यावर बोटाने दाबताच वेदना वाढल्यास विकार बहुधा तेथेच असतो. जागरण व अवेळी भोजनाने होणारे अम्लपित्त, जड दप्तर, व्यायामाचा अतिरेक, खोकला, मनावरील ताण ही अन्य कारणे होत. निदानपरिवर्जन हीच येथे प्रथम चिकित्सा. हृदयप्रदेशी स्वेदन मृदूच असावे किंवा टाळावे, हा चरकाचार्यांचा दंडकही विसरू नये.

तथापि हृदय हे सद्यःप्राणहर मर्म आहे. श्रमाच्या वेळी वेदना, मूर्च्छा, धडधड, ज्वर, श्वासकष्ट किंवा कुटुंबात तरुणपणी आकस्मिक मृत्यू, यांपैकी एकही गोष्ट आढळल्यास रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे. औषधविक्रेत्यांनीही बाटली देण्यापूर्वी एवढे प्रश्न विचारावेतच. रुग्ण वेळीच योग्य ठिकाणी पाठविण्यात आपल्या शास्त्राला कमीपणा नाही. विलंबाने एखादे कोवळे आयुष्य गमावण्यात मात्र आहे.