मराठीतला ‘मर’

विशिष्ट चिन्हाने आरंभ होणारे सगळे शब्द मजकुरातून वेचून काढावेत असा हुकूम यंत्रास द्यावयाचा झाला, तर ‘रेग्युलर एक्स्प्रेशन’ नावाच्या सांकेतिक भाषेत तो अवघ्या चार खुणांत मावतो : प्रथम # हे चिन्ह, मग उलटी तिरपी रेघ आणि डब्ल्यू मिळून ‘शब्दातले कोणतेही अक्षर’, आणि अखेरीस ‘एक वा अधिक’ सांगणारे अधिकचिन्ह. केन टॉम्पसन यांनी १९६८ साली मजकूरशोधाच्या कामी लावलेली ही विद्या आज दप्तरादप्तरांतून इमानेइतबारे राबते आहे, आणि तिच्याविषयी मला आदरच आहे. परंतु लोकांनी पाठविलेल्या मराठी अभिप्रायांतले हॅशटॅग गोळा करण्यासाठी मी हाच हुकूम पायथन या संगणकभाषेत सोडला, तेव्हा यादीत #मराठी याच्या जागी #मर असे उमटले.

#पुणे याचा #प झाला होता, #विठ्ठल याचा #व. #नगर आणि #बदल हे बिनकान्यामात्रेचे शब्द तेवढे सुखरूप परतले होते. कारण असे की युनिकोडच्या वर्गवारीत स्वर आणि व्यंजने ‘अक्षर’ या सदरात रुजू आहेत, तर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची नोंद ‘जोडचिन्ह’ या निराळ्या सदरात आहे. आणि पायथनचा जाबता शब्दात अक्षर, अंक व अधोरेषा यांनाच प्रवेश देत असल्यामुळे यंत्र पहिल्या कान्यापाशीच थबकते. फ्रेंचांचे मस्तकावर रेघ मिरविणारे अक्षर बहुधा एकसंध म्हणून नोंदलेले असल्याने बिनबोभाट आत जाते, आमची वेलांटी मात्र दाराशी ताटकळते. जावास्क्रिप्टमध्ये ‘शब्दातले कोणतेही अक्षर’ सांगणारी खूण रोमन अक्षरांपलीकडे पाहतच नाही, म्हणून तेथे #मराठी मुळी सापडतच नाही. पण मला तो कोरा नकार परवडला, कारण रिकामी यादी डोळ्यांत भरते आणि अर्धवट शब्द मोजणीत चोरपावलांनी मिसळून जातो.

युनिकोडच्या १८ क्रमांकाच्या तांत्रिक मानकाने शब्दाच्या व्याख्येत जोडचिन्हे धरावीत अशी शिफारस केलेलीच आहे, तेव्हा दोष लिपीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. मराठी मजकूर हाताळणारी प्रणाली विकत घेणाऱ्या प्रत्येक कचेरीने ती ताब्यात घेण्यापूर्वी #विठ्ठल हा एक शब्द तिच्यातून काढून खातरजमा करावी, आणि तो साबूत परतेपर्यंत कंत्राटदाराचे देयक मंजूर करू नये, ही माझी सूचना कोणास कडक वाटली तरी मी ती मागे घेणार नाही.

माझ्या हुकमात जोडचिन्हांची भर घातल्यावर यादी बरीचशी सुधारली. तरीही एका ठिकाणी #शेतकर् एवढेच शिल्लक उरले होते. मूळ मजकूर उघडून पाहिला, तर लिहिणाऱ्याने #शेतकर्‍यांसाठी असे टंकताना र आणि य यांच्यामध्ये, आमचा खास मराठी अर्धा र साधण्याकरिता, डोळ्यांस न दिसणारा एक सांधा घातलेला होता, आणि त्या सांध्याची नोंद जोडचिन्हांतही नव्हती.