वाकडा टोमॅटो म्हणजे फेकमाल नव्हे

टोमॅटोचा भाव पडला की सल्ला ठरलेला, "क्वालिटी काढा." अहो, कितीबी काढा, प्रत्येक तोडणीत बारीक, वाकडा, डागी माल निघणारच. तो नासका नाही. खत, औषध, मजुरी त्यालाही तेवढीच लागली. पण २० किलोच्या क्रेटात तो दिसला की आख्ख्या क्रेटचा भाव पाडतात. म्हणून तो बांधावर जातो.

द्राक्षवाल्याला निदान बेदाण्याची वाट आहे, तासगावला सौदे निघतात. टोमॅटोला दुसरी वाट कुठाय? २०१८-१९ च्या बजेटात टोमॅटो-कांदा-बटाट्यासाठी 'ऑपरेशन ग्रीन्स'चे ५०० कोटी जाहीर झाले. आमच्या शिवारात अजून पल्पचं एक युनिट नाही.

तज्ज्ञ म्हणतील, खायच्या वाणात पाणी जास्त, कारखान्याला परवडत नाही. खरंय. मग मेस, हॉटेलं, वाळवण करणारे बचत गट आहेत की! ग्रेव्हीत आकार कोण बघतं?

शेतकरी कंपन्यांनी लागवडीआधीच दोन नंबरच्या मालाचा किलोवर सौदा बोलावा. एक नंबर घ्यायला व्यापारी बसलाच आहे. मग कंपनी काढली कशाला?