अर्धा गुण कुठे गेला?

उत्तरपत्रिका तपासून झाल्या की शिक्षकाची सुटका झाली असं बाहेरच्यांना वाटतं. खरी कटकट त्यानंतर असते. गुणतक्ता भरा, दोन चाचण्यांची बेरीज करा, सरासरी काढा, लाल शाईने नापासांखाली रेघ ओढा, मग प्रगतिपत्रकं घरी पाठवा. माझ्या नववीच्या तुकडीत 52 मुली आहेत. दर वर्षी हे काम मी जेवणं उरकल्यावर स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून करते आणि दर वर्षी कुठेतरी चुकते.

या खेपेला थोरली म्हणाली, "अम्मी, तुम्ही फक्त गुण वाचून दाखवा. सरासरी मी काढून देते, पायथनमध्ये."

थोरली डिप्लोमाला आहे. पायथन ही संगणकाला काम सांगण्याची एक भाषा. गुइडो व्हॅन रॉसम या डच माणसाने ती 1991 साली लोकांसमोर आणली आणि आज ती फुकट मिळते. आमच्या घरी लॅपटॉप नाही. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गांसाठी घेतलेला एक टॅबलेट आहे, एका कोपऱ्यात तडा गेलेला. त्यात तिने पायड्रॉइड नावाचं अ‍ॅप टाकलंय. त्यातल्या काळ्या चौकटीला कन्सोल म्हणतात. एक ओळ लिहायची, एंटर दाबायचं, उत्तर लगेच खाली येतं. फळ्यावर गणित मांडावं तसं.

आता कबुली द्यायची तर, या टॅबलेटवरून आमचं दोघींचं आधीच एकदा वाजलं होतं. एका संध्याकाळी मी मागून डोकावले तर पडद्याचे दोन भाग. एका भागात ती काळी चौकट, दुसऱ्या भागात इंग्रजी पुस्तकाचं पान. तिथे बघायचं आणि इथे लिहायचं असं चाललेलं. वीस वर्षं परीक्षागृहात फिरलेली मी, तोंडातून निघूनच गेलं, "बघून बघून लिहितेस? मग शिकतेस काय? ही तर नक्कल झाली!"

ती काही बोलली नाही. टॅबलेट बंद करून आत गेली. दोन दिवस अबोला. तिसऱ्या दिवशी मी उर्दूच्या धड्याची तयारी करत बसले होते, मांडीवर पाठ्यपुस्तक आणि शेजारी जाडजूड लुगत उघडी. ती चहा घेऊन आली, लुगतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "नक्कल चाललीये वाटतं."

मला हसू आलं, आणि लाजही वाटली. आमच्या आजोबांच्या पेटीत गुलिस्ताँची एक जुनी लिथो छपाईची प्रत होती. मधोमध मूळ मजकूर आणि चारी बाजूंच्या हाशियात बारीक, तिरक्या अक्षरांत अर्थ आणि खुलासे. लखनौला 1858 साली सुरू झालेल्या मुन्शी नवल किशोर यांच्या छापखान्यानेही अशी हाशियावाली पुस्तकं पुष्कळ छापली. वाचणाऱ्याची नजर पानावरून हलू नये, अडलेल्या शब्दाचा अर्थ त्या शब्दाच्या शेजारीच मिळावा, एवढाच हेतू. त्या हाशियाला कुणी नक्कल म्हटलं नाही. लेकीच्या पडद्याचा उजवा भाग म्हणजे तिचा हाशियाच होता, फक्त माझ्या ओळखीच्या लिपीत नव्हता.

त्या उजव्या भागातल्या पुस्तकाला डॉक्युमेंटेशन म्हणतात. भाषा बनवणाऱ्यांनीच लिहिलेली माहितीपुस्तिका. कोणता शब्द काय करतो, त्याला काय काय द्यावं लागतं, बदल्यात काय मिळतं, सगळं त्यात असतं. ती पाठ करण्यासाठी लिहिलेलीच नाही. आधी थोरली ती वेगळी उघडायची. वाचायची, मग कन्सोलवर यायची आणि येईपर्यंत कंस कुठे होता हे विसरायची. परत जायची. जुन्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून घ्यायची, तेही अर्धवट. दोन महिने असे गेले आणि "मला हे जमणार नाही, लॅपटॉपवाल्या मुलींनाच जमतं" असं ती म्हणू लागली होती. मला वाटलं, आळस आहे. खरी अडचण पडद्याची होती.

ज्यांच्या घरी असाच एखादा टॅबलेट आहे त्यांच्यासाठी सांगते. अ‍ॅन्ड्रॉइडमध्ये 2016 पासून पडदा दुभागण्याची सोय आहे. उघडी असलेली अ‍ॅप्स दाखवणारं बटण दाबायचं, हव्या त्या अ‍ॅपच्या चौकटीवरच्या चिन्हाला बोट लावायचं, तिथे स्प्लिट स्क्रीन असं लिहून येतं. मग दुसरं अ‍ॅप निवडायचं. मधली रेघ बोटाने सरकवता येते. कंपनीगणिक थोडाफार फरक असतो, पण गोष्ट तीच. आयपॅडच्या काही मॉडेल्समध्ये ही सोय त्याच्या वर्षभर आधी आली.

पण खरी अडचण पुढेच येते. टाइप करायला पडद्यावर बोट टेकवलं की कीबोर्ड वर येतो आणि अर्धी जागा गिळतो. टॅबलेट आडवा धरला तर उरते ती दोन बोटांची पट्टी. त्यात ना पुस्तक दिसत, ना कन्सोल. थोरलीने यावर तोडगा काढला तो माझ्या भावाच्या बंद पडलेल्या संगणकाच्या कीबोर्डचा. ओटीजी नावाची छोटी वायर मिळते, ती लावली की बहुतेक टॅबलेट साधा कीबोर्डही घेतात. पडदा मोकळा झाला. डावीकडे कन्सोल, उजवीकडे डॉक्युमेंटेशन, खाली धूळ झटकलेला कीबोर्ड. शिवाय हे डॉक्युमेंटेशन पायथनच्या अधिकृत साइटवरून एकदा फुकट उतरवून घेता येतं, मग इंटरनेटची गरज नाही. रात्री वायफाय बंद असतं आणि अभ्यास चालू असतो. टॅबलेट हातात दिला की लेकरू भलतीकडे भटकेल, ही आपल्या घराघरातली काळजी असते. आमच्याकडे तरी ती बरीच कमी झाली.

तर गुणांची गोष्ट. मी वाचत गेले, ती भरत गेली. यादी तयार झाली. मी नापासांची नावं बघू लागले आणि एका नावावर थांबले. तिचं नाव इथे लिहीत नाही. पहिल्या चाचणीत 33, दुसरीत 36. वडिलांनी गेल्या वर्षीच सांगून ठेवलंय की पोरगी नापास झाली तर दहावीला बसवणार नाही. पहिल्या चाचणीनंतर रोज मधल्या सुट्टीत ती माझ्याकडे व्याकरण घेऊन बसायची. म्हणून तिचे आकडे मला तोंडपाठ. 33 आणि 36, बेरीज 69, सरासरी साडेचौतीस. आमच्या शाळेत अर्धा गुण पुढचा पूर्ण धरतात, म्हणजे 35. पास. यादीत होते 34.

"हे चुकलंय," मी म्हणाले.

"संगणक चुकत नाही, अम्मी."

"मग तू चुकलीस."

तिने कन्सोलवर लिहिलं, राउंड आणि कंसात 34.5. उत्तर आलं 34. मग लिहिलं राउंड आणि कंसात 35.5. उत्तर आलं 36. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. एकदा अर्धा कापतो, एकदा वाढवतो! टॅबलेटचा तडा आतपर्यंत गेला की काय, अशी शंका मला आली. हसू नका.

तिने आधी नोट्स काढल्या, वरच्या वर्गातल्या मुलींकडून झेरॉक्स करून आणलेल्या. त्यात स्पष्ट लिहिलेलं, अर्धा आला की पुढची पूर्ण संख्या. म्हणजे आमच्या शाळेसारखंच. मग कन्सोललाच विचारलं. तिथे हेल्प लिहून कंसात शब्द दिला की थोडक्यात माहिती येते. आली, चार वाक्यांत. दिलेल्या अचूकतेपर्यंत संख्या गोळाबेरीज करतो, वगैरे. अर्ध्याचं काय करतो याबद्दल चकार शब्द नाही.

मग उजवीकडचं पुस्तक. राउंडचं पान उघडलं. इंग्रजी आम्हा दोघींचंही यथातथाच, पण वाक्य सोडवणं हा तर माझा धंदा. ती संज्ञा सांगायची, मी कर्ता-कर्म लावायची. पहिल्याच ओळीत राउंडच्या कंसात दोन गोष्टी होत्या, एक संख्या आणि दुसरी दशांशस्थळं. दुसरीपुढे बरोबरचं चिन्ह आणि नन. "ही दिली नाही तरी चालते, ती आपोआप धरली जाते," थोरली म्हणाली. म्हणजे अध्याहृत! मराठीत आपण 'आलो' म्हणतो आणि 'मी' अध्याहृत राहतो, तसं. पुढे त्याच पानावर ते वाक्य सापडलं. संख्या दोन्हीकडून सारख्याच अंतरावर असेल तर उत्तर सम संख्येकडे जातं. 34.5 हा 34 आणि 35 यांच्या बरोबर मधोमध. सम कोण? 34. तसंच 35.5 चं 36.

असं का करतात, हे कळायला मला कागद-पेन्सिल घ्यावी लागली. 34.5 आणि 35.5 यांची खरी बेरीज 70. दोन्ही वर ढकलले तर 35 आणि 36, बेरीज 71. एक गुण हवेतून आला. समाकडे नेले तर 34 आणि 36, बेरीज बरोबर 70. हजारो संख्यांची बेरीज करणाऱ्याला हाच नियम सोयीचा. म्हणजे यंत्राचं काही चुकलं नव्हतं. पण नववीतल्या मुलीला बेरजेच्या समतोलाशी काय देणंघेणं? तिच्यासाठी शाळेचा नियम होता आणि तो आम्ही यंत्राला सांगितलाच नव्हता.

आणि झेरॉक्स? तीही खोटी नव्हती, शिळी होती. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत अर्धा खरोखरच पुढे जायचा. 2008 च्या डिसेंबरात तिसरी आवृत्ती आली आणि तिच्यात हा नियम बदलला. दुसरीची देखभाल 1 जानेवारी 2020 पासून बंदच झाली. नोट्स मात्र एका वर्गाकडून दुसऱ्या वर्गाकडे जातच राहिल्या. थोरलीने मग खूणच दाखवली. नोट्समध्ये प्रिंट या शब्दापुढे कंस नव्हते. कंस नसले की समजायचं, नोट्स दुसऱ्या आवृत्तीच्या. डॉक्युमेंटेशनच्या माथ्यावर मात्र आवृत्तीचा आकडा ठळक लिहिलेला असतो. कन्सोल उघडल्यावर पहिल्याच ओळीत त्याचीही आवृत्ती येते. हे दोन आकडे आधी जुळवायचे, मग वाचायला बसायचं.

दुरुस्ती एका ओळीची निघाली. राउंड काढून टाकला. सरासरीत 0.5 मिळवायचे आणि इंटने दशांशाचा भाग छाटायचा. 34.5 चे 35 होतात, छाटण्यासारखं काही उरत नाही. 34 चे 34.5 होतात, छाटून परत 34. गुण कधी उणे नसतात, म्हणून हे चालतं. यादी पुन्हा काढली. 52 पैकी 23 जणींच्या सरासरीत अर्धा होता आणि त्यातल्या 12 जणींचा तो कापला गेला होता. अकरा जणींच्या पास-नापासात त्याने फरक पडत नव्हता. एकीच्या पडत होता.

त्या रात्री मी सगळी यादी हातानेही तपासली. थोरलीला राग आला नाही. ती शेजारी बसून बेरजा वाचत होती.

आता आमच्याकडे एक नियम आहे, माझाच. उजवीकडचं डावीकडे उचलून चिकटवायचं नाही, बोटांनी लिहायचं आणि पुस्तकातले आकडे बदलून आपले घालायचे. तसंही चिकटवलं तर अडतंच. पुस्तकातल्या उदाहरणांच्या ओळींआधी तीन बाणांची खूण असते, ती सोबत आली की साधं कन्सोल रागावतं. टॅबलेटच्या पडद्यावरचा कीबोर्ड आणखी एक लबाडी करतो, ओळीचं पहिलं अक्षर स्वतःहून मोठं करतो. मोठ्या अक्षराचा प्रिंट पायथनला ओळखू येत नाही. जोडलेल्या कीबोर्डावर ही भानगड सहसा नसते.

प्रगतिपत्रकं मंगळवारी गेली. त्या मुलीने बुधवारी वडिलांच्या सहीसकट परत आणून दिलं आणि मधल्या सुट्टीत नेहमीसारखी समास घेऊन बसली. अर्ध्या गुणाची हकीकत तिला मी सांगितलेली नाही.

थोरलीच्या लेखी परीक्षेत अर्थातच पुस्तक शेजारी नसणार. त्यासाठी ती हल्ली मधली रेघ उजवीकडे सरकवत पान झाकून टाकते, आठवून लिहिते, मग रेघ परत ओढून ताडून बघते. तिसऱ्या चाचणीचे गुण पुढच्या महिन्यात येतील. तेव्हा तिनाने भागायचं, म्हणजे 0.5 ऐवजी 0.333 असली शेपटं निघणार. दशांश अपूर्णांक संगणक आत कसे साठवतो यावर डॉक्युमेंटेशनमध्ये एक वेगळं पान आहे म्हणे. या रविवारी, कपडे वाळत घातल्यावर, ते वाचायचं ठरलंय.