पहिल्या नोकरीचे कागद

गतवर्षीच्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्रामातील एक मुलगी जी.एन.एम.ची परीक्षा उत्तीर्ण होऊन पेढे घेऊन आमच्याकडे आली. वडिलांनी काढलेले कर्ज आणि आईने मोडलेल्या बांगड्या ह्यांचे ते फळ होते. पंधरा दिवसांतच एका खासगी रुग्णालयाचे बोलावणे आले. अट एवढीच की, मूळ प्रमाणपत्रे दोन वर्षे रुग्णालयाच्या स्वाधीन करावीत. मुलीने आमचा सल्ला विचारला. आम्ही म्हणालो, "बाळ, पहिलीच नोकरी आहे, मिळते आहे ती घे."

हा सल्ला आमचा होता, हे येथे नमूद करणे आम्हांस भाग आहे.

सात महिन्यांनी तिला सरकारी रुग्णालयातील जागेसाठी कागदपत्रांच्या पडताळणीस बोलाविण्यात आले. तेथे मूळ प्रती दाखवाव्या लागतात. रुग्णालयाने त्या परत देण्यासाठी तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम मागितली. "फादर, आता काय करू?" असे तिने विचारले तेव्हा आम्ही निरुत्तर झालो. अखेर धर्मग्रामातील एका वकिलांनी पत्र धाडले आणि प्रमाणपत्रे परत मिळाली; परंतु पडताळणीची तारीख उलटून आठ दिवस झाले होते.

रुग्णालयांचीही बाजू आहे, हे आम्ही नाकारीत नाही. नवख्या मुलीला अतिदक्षता विभागात तयार करावे आणि तिने वर्षाच्या आत आखाताची वाट धरावी, हा अनुभव त्यांना वारंवार येतो. परंतु त्यावरील उपाय पुरेसे वेतन हा आहे. कागद अडकवून ठेवणे नव्हे. मूळ प्रत पाहावी, साक्षांकित प्रत ठेवून घ्यावी आणि मूळ प्रत त्याच वेळी परत करावी, एवढ्याने पडताळणी पुरी होते.

वेतनाचा प्रश्न निघाला की आमची माणसे 'सेवा' हा शब्द पुढे करतात. (पुष्कळदा आम्ही धर्मगुरूही!) परंतु दाखल्यातील दयाळू शोमरोनी जखमी माणसाला उतारशाळेत ठेवून निघाला, तेव्हा त्याने तेथील मालकाच्या हाती दोन दिनार ठेवले आणि अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असेही सांगितले. दुसऱ्याकडून शुश्रूषा फुकट करून घेण्याचा विचार त्याच्या मनास शिवला नाही. तेरावे लिओ ह्यांनी १८९१ साली 'रेरुम नोवारुम' ह्या परिपत्रकात न्याय्य वेतनाचा जो आग्रह धरला, तो केवळ गिरणीकामगारांपुरता होता असे समजण्याचे कारण नाही. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशावरून २०१६ साली नेमलेल्या समितीने शिफारस केली की, पन्नासहून कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातसुद्धा परिचारिकेस दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन असू नये. दोनशेंहून अधिक खाटा असल्यास ते राज्य सरकारच्या परिचारिकेइतके असावे. शिफारस म्हणजे कायदा नव्हे, हे खरे. परंतु मुलाखतीस जाणाऱ्या मुलीला हा आकडा ठाऊक असावा.

आपल्या सीमाभागात आणखी एक अडचण आहे. बेळगावात शिकलेल्या मुलीची नोंदणी कर्नाटकच्या परिचर्या परिषदेकडे होते. कोल्हापूर आपल्याला घरच्यासारखे वाटते, भाषाही आपलीच. परंतु तेथे काम करावयाचे तर महाराष्ट्राच्या परिषदेकडे नोंदणी हवी, आणि त्यासाठी आधी इकडच्या परिषदेचा ना-हरकत दाखला आणावा लागतो. त्यात वेळ जातो. म्हणून नोकरी ठरल्यावर धावपळ करण्यापेक्षा निकाल लागताच त्या मार्गास लागावे.

ह्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर आमच्या कार्यालयात एक निवृत्त मेट्रनबाई आणि वर उल्लेखिलेले वकील तासभर बसतील. नियुक्तिपत्र सहीपूर्वी त्यांना दाखवावे. त्यात वेतन, पाळ्यांचे तास, नोकरी सोडण्याच्या सूचनेची मुदत आणि अनुभवाचा दाखला ह्यांविषयी काय लिहिले आहे, ते वाचून सांगण्यात येईल. इतर धर्मांच्या मुलामुलींनीही अवश्य यावे. छायाप्रती काढण्याचे यंत्र कार्यालयात आहे. मूळ कागद मात्र दाखवून लगेच घरी न्यावेत. आमच्या कपाटातही ते ठेवून घेतले जाणार नाहीत.